बाईंनी पुसलेली टकटक

सकाळी खिडकी उघडली तर समोरचं घर गायब. धुकं असं दाटलेलं, की रस्त्यावरचा दिवा कुणी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखा दिसत होता. बाईंच्या नणंदेचं म्हणणं, असल्या हवेत शहाण्या माणसाने पांघरुणाबाहेर पाय काढू नये. बाईंचं उलट. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हवा चाचपली आणि कपाटावरचा गाण्यांच्या जुन्या तबकड्यांचा खोका खाली घेतला. कोरड्या हवेत तबकडी नुसती पुसली तरी अंगात वीज भरून घेते, खोलीभरची धूळ ओढून बसते, आणि मग सुई टेकली की गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर. हवेत ओल असली की तीच तबकडी गुणी लेकीसारखी वागते. म्हणून गल्लीला नकोसा वाटणारा दिवस हा बाईंचा कामाचा दिवस.

काम म्हणजे लोकांच्या जुन्या तबकड्या धुवायच्या, वाजवायच्या, आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि सीडी करून द्यायची. बाईंचा सारा जन्म दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताशी उभं राहण्यात गेला होता. नवरा गेला, त्याच्या मागे तबकड्यांची चळत राहिली. विकाव्यात की ठेवाव्यात या घोळात बाईंनी पहिली तबकडी धुतली, आणि मग हात काही थांबला नाही. मऊ केसांचा ब्रश, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब. दात काय नि तबकडी काय, घाण बसते ती फटीतच, असं त्या म्हणत. गल्लीत अजून त्या दातवाल्या बाईच. नवा माणूस कधीमधी गाल धरून दारात उभा राहतो. त्यालाही त्या चहा पाजून वाटेला लावतात.

धुतलेल्या तबकड्या वाळायला ठेवायची जागा म्हणजे ओट्यावरची भांड्यांची जाळी. एकेका खाचेत एकेक तबकडी ऐटीत उभी, आणि घरची ताटं बिचारी टॉवेलवर पालथी.

"आपल्या घरात ताटंच पाहुणी झालीत, वहिनी," नणंद म्हणाली. ती हे रोज म्हणे आणि रोज स्वतःच टॉवेल अंथरून देई.

एवढ्यात दारात इस्त्रीवाला आला. कोपऱ्यावर त्याचं दुकान. आदल्या संध्याकाळीच तो सीडी घेऊन गेला होता. त्याची तबकडी काही बाजारातली नव्हे. त्याचे वडील होते त्या सूतगिरणीत कामगारांचा बँड होता, आणि गिरणीने हौसेने एकदा त्यांची तबकडी काढली होती. गिरणी गेली, वडील गेले, घरातलं वाजवायचं यंत्र केव्हाच मोडीत गेलं. तबकडी तेवढी ट्रंकेच्या तळाशी उरली, मधोमध आडवा ओरखडा घेऊन. आता त्याची आई थोरल्या लेकीकडे राहायला निघाली होती, पार दूरगावी. बस दुपारची. म्हाताऱ्या माणसाचं परत येणं कोण सांगणार? जाताना नवऱ्याचा आवाज तेवढा सोबत असावा, एवढंच तिने लेकापाशी मागितलं होतं.

बाईंना वाटलं, आभार मानायला आलाय. पण तो चपला काढायलाही तयार होईना. आईने सीडी दोनदा ऐकली म्हणे, आणि मान हलवली. सगळे आहेत, म्हणाली, हे तेवढे यात नाहीत. रात्री जेवलीच नाही.

"वय झालं की कान दगा देतात," नणंदेने समजूत घातली.

बाईंनाही क्षणभर तसंच वाटलं. त्या तबकडीवर त्यांनी जीव ओतला होता. एक खरखर नाही, एक टक्क नाही. नुकती पॉलिश केलेली बत्तीशी जशी. तरी त्यांनी विचारलं, वडील वाजवायचे काय?

इस्त्रीवाला ओशाळला. "लाकडाचे दोन ठोकळे. एकमेकांवर आपटायचे, बस्स. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना."

बाई वळून कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. कॉम्प्युटरला काय कळणार, टक्क आवाज ओरखड्याचा की लाकडाचा. त्याला सांगितलं होतं टकटक काढ, त्याने काढली. आणि बाईंनी आवाज गाळायच्या चाळणीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं, कीड म्हणून कणभर ठेवायची नाही या जुन्या खोडीपायी. भरल्या बँडमधून बरोबर एक माणूस उचलून बाहेर फेकला होता.

"किडक्याबरोबर चांगला दातही उपटला हो मी," त्या म्हणाल्या.

नशीब एवढंच, की तबकडी जशी वाजली तशी उतरवलेली कच्ची प्रत गिऱ्हाईक खूश झाल्याशिवाय त्या पुसत नसत. ती उघडली. पडद्यावर आवाजाची रेघ काट्यांचं कुंपण होऊन उभी राहिली. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला ओरखड्याची एक टक्क, आणि मध्ये मध्ये ठोकळ्यांची. दोन्ही काटे सारखेच टोकदार. डोळ्याला फरक कळेना, आणि कानाला कळतोय म्हणावं तर पुढच्याच ओळीत चुकतोय. बस दुपारची. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि इस्त्रीवाल्याला सांगितलं, जा, आईंना घेऊन ये.

म्हातारी आली ती एका हाताने लेकाचा खांदा नि दुसऱ्या हाताने भिंत धरत. प्रवासाचं लुगडं नेसूनच आली होती. बाईंनी तिला खुर्चीत बसवून, गुडघ्यांवर शाल टाकून, कच्ची प्रत लावली. खरखरीतून कर्णे उठले, ढोल उठला. म्हातारीचा चेहरा कोरा. मग तिचं एक बोट गुडघ्यावर हललं.

"हा नव्हे," ती म्हणाली. "हा. हाही नव्हे. हा."

बाईंनी विचारलं, कशावरून?

"हे जरा मागे राहायचे. बँडचा मास्तर शिव्या द्यायचा. घरीसुद्धा हाक मारली की ओ यायला तेवढाच वेळ."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओरखडा कधी चुकत नाही. फेरा पुरा झाला की तो हजर. चुकतो तो माणूस. मग त्या जागच्या हलल्या नाहीत. वेळेवर येणारा काटा शोधायचा, मोठा करून बघायचा, तेवढाच पुसायचा. मागे रेंगाळलेला दिसला की त्याला हात लावायचा नाही. अडलं की म्हातारीचं बोट बघायचं. नणंदेने न सांगता चहा आणून ठेवला, तो गार झाला, तिने पुन्हा गरम करून ठेवला. काही ठिकाणी दोन्ही काटे एकमेकांवर पडले होते. एक काढावा तर दुसरा जाणार. तिथे बाईंनी ओरखडा तसाच राहू दिला. साऱ्या आयुष्यात जाणूनबुजून ठेवलेली ही त्यांची पहिली कीड.

धुकं विरून समोरचं घर दिसू लागलं तेव्हा सीडी तयार झाली. बाईंनी ती सुरुवातीपासून लावली. म्हातारी डोळे मिटून बसली. बोट गुडघ्यावर पडत होतं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या किंचित मागून ठोकळा. शेवटी कर्णे थांबले, ढोल थांबला. आणि त्या शांततेत, एकटीच, उशिरा, एक टक्क.

म्हातारी हसली. दात नसलेलं तोंड भरून हसली.

"हे आले," ती म्हणाली, आणि लेकाला म्हणाली, "चल, आता बस चुकेल."

सीडी तिने पिशवीत नाही ठेवली. शालीच्या घडीत, छातीशी धरली. बाई तिला दारापर्यंत पोचवायला गेल्या, मायलेक कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मागून नणंद म्हणाली, असलं काम दवाखान्यात कुणी करत नसेल हो वहिनी, आणि लगेच, आपण चुकून कौतुक केलं असं वाटून, जेवायला ताटं लागणार आहेत हेही म्हणाली.

"काढते हो, वन्सं," बाई म्हणाल्या. त्यांनी जाळीतली तबकडी काठाला धरून उजेडात फिरवली. एका बाजूला अजून ओल होती. पदराने न पुसता, मऊ फडकं शोधायला त्या आत गेल्या.