भावजींची पांढर

मातीच्या टेकाडावर आमच्या थोरल्या भावजींइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा सापडला, तर मला येऊन सांगा. टेकाड आमच्या उसाच्या बांधाला लागून, नदीकडंला. फार जुन्या काळी, देवळं-किल्ल्यांच्याही आधी, तिथं माणसं राहायची म्हणे. त्यांचीच घरं ढासळून हा ढीग झाला. माती पांढरीफेक, म्हणून गाव त्याला पांढर म्हणायचं, आणि दर दिवाळीला बायका तीच माती आणून भिंती पोतारायच्या. मग साठ-बासष्ट साली सरकारची माणसं आली आणि निळी पाटी ठोकून गेली: संरक्षित स्मारक, खणू नये. गाव पाटी वाचून विसरलं. भावजींनी ती काळजाला लावून घेतली.

ना पगार, ना नेमणूक. पण पायथ्याशी चपला काढल्याशिवाय ते वर पाऊल टाकत नसत. शेरडू असो, पोरं असोत, त्यांची एकच आरोळी: "उतर खाली! आत माणसं निजल्यात!" एकदा तपासणीला आलेल्या साहेबालाही त्यांनी असंच उतरवलं. बिचारा बूट काढून पुन्हा चढला. पावसाळ्यात तर पाटी उपटून घरी आणायचे आणि तिच्या जागी स्वतः इरलं घेऊन उभे. मी म्हटलं, "अहो भावजी, पाटी बाहेर राहायलाच असते." म्हणाले, "ती गंजती, बाई. मी न्हाय गंजत."

भावजींच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र घरात पेटलं. जाऊबाईंना भिंती पांढऱ्या हव्या होत्या.

"अवो, दोन घमेली माती! व्याही काय म्हनतील?"

"आपल्या भिंतीसाठी त्यांच्या भिंती फोडू व्हय?"

"त्यांच्या म्हंजे कुणाच्या? मरून जमाना झाला की!"

"म्हनून काय झालं? घर त्यांचंच."

लग्न शेणानं सारवलेल्या भिंतींत झालं. जाऊबाईंनी विहीणबाईंपुढं मान वर केली नाही, आणि पुढं कितीतरी दिवस भावजींशी माझ्यामार्फतच बोलल्या. समोर बसलेल्या नवऱ्याला भात हवा का, ते मी विचारायचं!

भावजी गेले. वर्षश्राद्धही झालं. दिवाळीच्या तोंडावर जाऊबाई घमेलं आणि कुदळ घेऊन दारात उभ्या. "चल गं. आता कोन आडवतंय?"

पायथ्याशी त्यांनी चपला काढल्या. त्यांचं त्यांना कळलंही नसावं. कुदळ उचलली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात वर एक शेरडू चढताना दिसलं.

"उतर खाली!" जाऊबाई कडाडल्या. "आत माणसं निजल्यात!"

घमेलं रिकामंच परत आलं. बांधावरनं चालता चालता त्या हळूच म्हणाल्या, "शेणाच्या भिंतीबी बऱ्या दिसत्यात की, न्हाय?"