जोखीम मोजायला हथखोजला

संशोधनाचा निबंध छापून आला, की त्यात तक्ते असतात, तळटिपा असतात, शेवटी संदर्भांची यादी असते. ज्या गोष्टी यातल्या कशातच बसत नाहीत, त्या साचत जातात. मी मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात काम करते. आमच्याकडे दुपारचा चहा आला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "वैशाली, ते भिलाईचं सांग ना."

तर झालं असं. आमचा प्रश्न होता की व्याजदर बरेच दिवस खाली राहिले, तर बँका कर्ज देताना जास्त धोका पत्करतात का? मोठ्या कंपन्यांची माहिती मुंबईत बसून मिळते, छोट्या कारखान्यांची मिळत नाही. आमचे साहेब देवधर सर म्हणाले, "तू भिलाईचीच ना? मग दोन महिने घरी राहा आणि तिथले छोटे कारखाने पालथे घाल."

भिलाईत छोटे कारखाने म्हणजे हथखोजची औद्योगिक वसाहत. नट-बोल्ट, जाळ्या, ग्रिल, पत्र्याची कामं, सगळं तिथं. मी बॅग भरली आणि भिलाईतल्याच रिसालीला बाबांकडे आले.

*

बाबांनी जन्मभर भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली. आता रिटायर आहेत. मुलगी नेमकी काय करते, हे कॉलनीत समजावून सांगायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. ते कितपत जमलं, ते मला पहिल्याच रविवारी कळलं. समोरच्या ढोबळेकाकू पासबुक आणि दोन फाटक्या नोटा घेऊन आल्या.

"वैशू, एवढी एंट्री मारून देजो. अन् ह्या नोटा बदलून आणजो."

बाबा म्हणाले, "अवो वयनी, ते तसली बँक नाही. ते बँकांची बँक आहे. तिथं बँकाच जातात, माणसं नाही जात."

काकूंनी थोडा विचार केला.

"मंग त तिथं लाईन लहान असन," म्हणाल्या, आणि पासबुक माझ्या हातात ठेवून गेल्या.

*

माझ्या मदतीला विभागाने खेमलाल साहूजींना घेतलं होतं. साहूजी जवळच्याच पद्मनाभपूरचे, एका बँकेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या स्कूटरला हथखोजचं प्रत्येक गेट ओळखत होतं.

कारखान्यांबरोबर काही बँकांच्या शाखांमध्येही जायचं होतं. एका शाखेला आधी पत्र गेलं होतं, मोठ्या शिक्क्याचं. आम्ही पोचलो तर भर मे महिन्यात मॅनेजर साहेब कोट घालून दारात उभे. आत टेबलावर समोसे, काजू, आणि फायलींचे तीन गठ्ठे.

"कौन सी फाइल से शुरू करेंगे, मैडम?" त्यांचा आवाज कापत होता.

मी म्हटलं, "फाइल नहीं चाहिए. मैं रिसर्च के लिए आई हूँ. कर्ज देते समय आप आदमी को कैसे परखते हैं, बस इतना पूछना है."

"मतलब इंस्पेक्शन नहीं है?"

"नहीं."

त्यांनी कोट काढला, खुर्चीला लटकवला, बसले आणि ग्लासभर पाणी एका दमात प्यायले. मग जरा ओशाळून म्हणाले, "मैडम, मैंने तो कल शाम को हनुमानजी को नारियल बोल दिया. अब क्या करूँ?"

साहूजी समोसा खात होते. न थांबता म्हणाले, "चढ़ा दीजिए साहब. इंस्पेक्शन नहीं आया, मतलब मन्नत तो पूरी हो गई."

त्यानंतर तो माणूस दोन तास मोकळेपणाने बोलला. "रेट गिरता है तो ऊपर से टारगेट बढ़ता है. अच्छे ग्राहक पहले ही ले चुके होते हैं. फिर जो बचते हैं..." एवढं बोलून त्यांनी समोशांची प्लेट माझ्याकडे सरकवली. आमच्या निबंधाचा अख्खा दुसरा भाग म्हणजे त्यांचं ते अर्धं वाक्य आहे.

*

एकदा दुपारी जेवताना बाबांनी विचारलं, "तू नेमकं शोधून काय राहिली, ते मले एकदा सांग."

मी सांगितलं. पैसा स्वस्त झाला, परिस्थिती सोपी वाटायला लागली, की देणारे ढिले पडतात आणि धोका वाढतो, असा आमचा अंदाज आहे. तो खरा का खोटा, ते बघायचंय.

"खरा आहे," बाबा म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

"तुमाले कसं माहीत?"

"आमच्या शॉपमधी जुनी क्रेन होती, तवा सारे जपून चालवत. मंग नवे ब्रेक आले, एकदम पक्के. तवापासून पोट्टे जोरात हाकलू लागले. ब्रेक चांगले झाले, अन् मले भेव जास्त वाटू लागलं."

दोन वर्षं आम्ही समीकरणांत जे मांडत होतो, ते वरणभात संपायच्या आत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे देवधर सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हे कोणाच्या पेपरात आहे?"

"आमच्या बाबांच्या तोंडात आहे, सर."

"मग संदर्भ द्यावा लागेल. वैयक्तिक संभाषण म्हणून तळटीप टाक."

तळटीप खरंच छापली गेली. बाबांचं नाव, पुढे 'निवृत्त क्रेन ऑपरेटर'. मी ती मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"नावाच्या आधी 'श्री' नाही लावलं," एवढंच म्हणाले.

*

यानंतरचं सांगायला मला आवडत नाही, तरी सांगते.

कारखानदारांकडून फॉर्म भरून घेण्याचा सर्व्हे संपला होता. मंगळवारी देवधर सर आमचे निष्कर्ष वरिष्ठांपुढे मांडणार होते. शनिवारी मी रिसालीतच बसून आकडे चालवले, आणि उत्तर उलटं आलं. व्याजदर कमी असताना बँका उलट कडक वागतात, असं. म्हणजे मॅनेजर खोटा, बाबा खोटे, आमची दोन वर्षं खोटी. आकडे तसे असतील तर मान्य करायला हवं, हे मला कळत होतं. पण काहीतरी खटकत होतं.

रविवारी सकाळी मी कोरे फॉर्म काढून वाचायला बसले. 'बँक तुमच्याशी कशी वागते' असा एक प्रश्न होता, उत्तर एक ते पाच. इंग्रजी फॉर्मवर एक म्हणजे अतिशय कडक. हिंदी फॉर्मवर एक म्हणजे अतिशय ढिली. हिंदी भाषांतर मी स्वतः केलं होतं; बहुतेकांनी तोच फॉर्म भरला होता. आणि कोणी कुठला फॉर्म भरला, याची नोंद कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. म्हणजे दोन महिन्यांची मेहनत पाण्यात, आणि दोष सगळा माझा.

मी साहूजींना फोन लावला.

"कागज तो सब मेरे घर पर हैं, बेटी," ते म्हणाले. "और हर एक के कोने में लिखा है, हिंदी का है या अंग्रेजी का."

"क्यों लिखा, साहूजी? मैंने तो कहा नहीं था."

"बैंक में था ना. कोने में कुछ लिखे बिना कागज हाथ से छूटता नहीं."

तासाभरात ते स्कूटरवर गठ्ठे बांधून आले. व्हरांड्यात आम्ही तिघं बसलो. बाबा कोपरा वाचत, साहूजी ढीग लावत, मी नोंद करत होते. चार वाजता मी आकडे पुन्हा चालवले. उत्तर सरळ आलं. आम्हाला वाटलं होतं तेवढं ठळक नव्हतं, पण सरळ होतं. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पंख्याचा वेग वाढवला.

देवधर सरांना फोन करून मी आधी चूक सांगितली, मग उत्तर.

"मांडायच्या आधी सापडली का नंतर?" त्यांनी विचारलं.

"आधी, सर."

"मग आता जेवून घे."

*

आता पुष्पाताई कटरे. त्यांची गोष्ट सर्व्हेच्या पहिल्या दिवशी सुरू झाली आणि वर्षभराने संपली.

फॉर्मवर एक प्रश्न होता: येत्या वर्षात तुमचा कारखाना बंद पडण्याची शक्यता शंभरात किती? पहिल्या मालकाने शून्य सांगितलं. दुसऱ्याने शून्य. संध्याकाळपर्यंत सगळे शून्य. एकाने तर आम्हाला बाहेरच काढलं, सकाळी सकाळी असं अभद्र विचारता म्हणून. देवधर सर फोनवर म्हणाले, "एक तर हथखोज जगातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे, नाहीतर तुझा प्रश्न चुकलाय."

तोडगा साहूजींनी काढला. "अपना कौन बताएगा? बाजू वाले का पूछो."

दुसऱ्या दिवसापासून आकडे धो धो यायला लागले. साठ, सत्तर, ऐंशी, आणि प्रत्येकाबरोबर सविस्तर कारणं.

एका गल्लीत सगळ्यांची बोटं एकाच शेडकडे होती. पुष्पाताई मूळच्या गोंदियाकडच्या. नवरा वारल्यावर त्याचं ग्रिलचं काम तीन वेल्डर घेऊन त्या चालवत होत्या. त्यांच्याच भिंतीला लागून मोठी शेड होती. तिथल्या मालकाने सांगितलं, "नब्बे लिखो. अकेली औरत, कितने दिन चलाएगी?"

नंतर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "बाजूवाल्यानं माह्याबद्दल काय सांगतलं?"

सांगायची परवानगी नव्हती. मी फॉर्ममध्ये डोकं घातलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "राहू द्या जी. चहा प्या."

मुंबईत परतल्यावर वर्षभर तक्त्यातली ती नव्वदची ओळ मला सतावत राहिली.

वर्षाने दुसरी फेरी करायला आम्ही त्या गल्लीत शिरलो. पुष्पाताईंच्या शेडचं शटर बंद होतं. कुलूप गंजलेलं, पाटी काढून नेलेली. साहूजींनी स्कूटर बंद केली. मी कुलूप हलवून पाहिलं. पण फॉर्म तर भरायचा होता, म्हणून शेजारच्या मोठ्या शेडमध्ये गेलो.

आत सहा-सात वेल्डर कामाला लागलेले. मधल्या टेबलावर नकाशा पसरून, चष्मा नाकावर ओढून पुष्पाताई बसल्या होत्या.

"या जी, बसा," त्या म्हणाल्या. "तिकडं जागा पुरत नोहती. इथले शेठ रायपूरले मुलाकडं गेले, मंग हे मीच घेतली."

मी खुर्ची ओढून बसले. साहूजींनी रुमालाने चष्मा पुसला, मग तोंड पुसलं. पुष्पाताईंनी चहा मागवला आणि माझ्या हातातल्या फॉर्मकडे बोट केलं.

"तोच प्रश्न आहे ना? बाजूवाला कारखाना बंद पडन का, शंभरात किती?"

मी मान हलवली.

त्यांनी खिडकीतून ते गंजलेलं कुलूप पाहिलं.

"तो त बंद झाला जी. शंभर लिहा."