सत्यशीलाला न आवडलेला सिनेमा

सोनईच्या बाजारपेठेत, किराणा दुकानाच्या मागच्या बोळात सत्यशीलाचं शिलाईचं दुकान आहे. एक खोली, दोन मशिनी आणि अस्तराच्या कापडांचा ढीग. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मोबाईल रिळांच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि नुकत्याच पाहिलेल्या सिनेमावर बोलायची. सुरुवात गंमत म्हणून झाली. मग नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडच्या बायका तिचे व्हिडिओ बघायला लागल्या. ब्लाऊज टाकायला आलेल्या बनुबाईसुद्धा माप देता देता विचारायच्या, "या आठवड्यात कंचा बघू गं?"

तिची एक रीत होती. जो सिनेमा आवडला त्याच्यावरच बोलायचं. नाही आवडला, तर गप्प बसायचं. "त्यांनी बी कष्टानंच केला असंल. कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा," असं ती म्हणायची.

आवड मात्र पक्की होती. माणसं हळू बोलतात, भाकरी थापतात, कुणाची तरी वाट बघतात, असे सिनेमे तिला भावायचे. पडद्यावर कुणी ओरडायला लागलं की तिचा हात आपोआप आवाज कमी करायला जायचा. त्याला कारण होतं. तिचं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. दसरा झाला की आई-वडील ऊस तोडायला निघायचे आणि लहानग्या सत्यशीलालाही सोबत न्यायचे. कारखान्याजवळ पाचटाच्या कोप्या म्हणजे झोपड्या, आणि रोज सकाळी मजुरांवर लक्ष ठेवायला येणारा मुकादम. त्याची फटफटी लांबून ऐकू आली की सगळ्या कोप्या गप्प व्हायच्या. एकदा शेजारच्या कोपीतली बाई तापाने निजून राहिली, म्हणून त्याने तिला बाहेर ओढून सगळ्यांसमोर कानफटात मारली. कुणी काही बोललं नाही. सत्यशीलाची आईही बोलली नाही. सत्यशीला तेव्हा सात-आठ वर्षांची असेल.

मागच्या वर्षी ऊसतोडीवरचा एक मराठी सिनेमा आला. पैसा लावला होता तालुक्यातल्याच एका बड्या असामीने. चौकाचौकात फ्लेक्स लागले. आपल्या माणसांवरचा सिनेमा म्हणून सत्यशीला नवऱ्याला, बजरंगला घेऊन नगरला गेली. सिनेमातला नायक मुकादम होता. मध्यंतराआधी तो कामाला न आलेल्या एका तोडकरणीला कोपीतून ओढून काढतो आणि थोबाडीत देतो. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. सत्यशीला खुर्चीत अंग चोरून बसून राहिली. परत येताना घोडेगावाजवळ ती म्हणाली, "ह्याच्यावर म्या बोलनार न्हाई."

"नको बोलू," बजरंग म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पण आठवड्याने दुपारी दोघेजण दुकानात आले. एकाला ती ओळखत होती. कल्याण, सिनेमाला पैसा लावणाऱ्या त्या असामीच्या कार्यक्रमांना गर्दी जमवणारा. दुसरा कोण ते कळलं नाही. तो दारातच उभा राहिला, त्यामुळे खोलीत अंधारलं. कल्याण स्टुलावर बसला. पाणी मागितलं. प्यायला.

"ताई, सगळ्या पिक्चरवर बोलता. आमच्यावर काहीच न्हाई?"

"सगळ्यावर न्हाई बोलत, दादा. आवडला तरच बोलते."

"मग आवडून घ्या," कल्याण हसत म्हणाला.

त्याने आवाज चढवला नाही. उठताना कापडाच्या ढिगावरून हात फिरवला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "धनश्री आता नववीला ना? सायकल जपून चालवायला सांगा पोरीला. उसाची वाहनं लई पळत्यात त्या रस्त्यानं."

ते गेल्यावर सत्यशीलाने मशीन सुरू केली, पण सुई सरळ जाईना. कदाचित तो खरंच काळजीने बोलला असेल, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. रस्त्यावर वाहनं पळतात हे काही खोटं नव्हतं. पण धनश्री नववीला आहे, सायकलीवर जाते, कोणत्या रस्त्याने जाते, हे त्याला कुणी सांगितलं? शाळा सुटायच्या आधीच दुकानाला कुलूप लावून ती शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. लेक चिडली. "मम्मी, समद्या पोरी बघत्यात." सत्यशीलाने सायकलचं कॅरिअर धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही.

बजरंगने सगळं ऐकून घेतलं. त्याचा टेम्पो होता, तो व्यापाऱ्यांचा कांदा वाहायचा. "दोन शब्द चांगले बोल अन् मोकळी हो," तो म्हणाला. "आपल्याला इथंच ऱ्हायचंय."

ती बोलली. गाणी छान आहेत, रानं छान दाखवली आहेत, घरच्यांना घेऊन जा. तिने ते तीन वेळा रेकॉर्ड केलं, कारण पहिल्या दोन वेळा 'छान' म्हणताना ती अडखळली. तिचा कुठलाच व्हिडिओ पाहिला नव्हता तेवढ्या माणसांनी तो पाहिला. कल्याणने पेढ्यांचा पुडा पाठवला. तो कुणी फोडला नाही.

त्यानंतर तिला एक विचित्र त्रास सुरू झाला. कुठलाही सिनेमा लावला की हा आवडला का, हेच तिला कळेना. आवडला म्हणावं तर कुणाला चालेल, गप्प बसावं तर कोण विचारायला येईल, हेच डोक्यात फिरायचं. अर्ध्यातच ती मोबाईल पालथा ठेवायची. बोळात मोटारसायकल वळली की पाय मशिनीवरून आपोआप निघायचा.

अशातच एका सकाळी तिची आई कडूबाई पहिल्या एसटीने सोनईत उतरली. चहा न घेताच म्हणाली, "तू सांगितलं म्हनून आमी आठ जनी जीप करून गेल्तो पिच्चरला. आपल्या शेजारची बायडाबाई मधूनच उठली. भाईर पायरीवर बसून ऱ्हायली. पिच्चर संपस्तवर."

कोपीबाहेर मुकादमाची कानफटात खाल्ली होती ती हीच बायडाबाई.

"तुला त्यो खरंच आवडला व्हय?"

"न्हाई गं. भ्याले मी."

कडूबाईने पदराने तोंड पुसलं. "मग भ्याले म्हन," ती म्हणाली. "आवडला म्हनू नको. आमी त्या टायमाला कायच बोललो न्हाई. बायडाबाई अजून ते काढती."

त्या दुपारी आईला समोरच्या स्टुलावर बसवून सत्यशीलाने मोबाईल उभा केला. कुणाचं नाव तिने घेतलं नाही. एवढंच सांगितलं, की हा सिनेमा चांगला आहे असं मी म्हणाले होते, ते खरं नाही. बाईला मारल्यावर लोक शिट्ट्या मारत होते, तेव्हा मला भीती वाटली. त्या सिनेमावर खरं बोलायची त्याहून जास्त वाटली. अजूनही वाटते आहे. आधीचा व्हिडिओ तिने काढून टाकला.

संध्याकाळी कल्याणचा फोन आला. "ताई, हे बरं न्हाई केलं. काढून टाका."

"न्हाई काढत, दादा." तिचा आवाज थरथरत होता आणि तो त्याला ऐकू जातोय हे तिला कळत होतं.

पलीकडून फोन कट झाला.

पुढचे दिवस वाईट गेले. दोन व्यापाऱ्यांनी बजरंगला माल द्यायचं बंद केलं. कारण सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. घरी येऊन तो ताटावर नुसता बसून राहायचा. बोळाच्या तोंडाशी एक गाडी उभी राहायची, तिच्यावरचा माणूस मोबाईलमध्ये बघत असायचा. त्याचा या सगळ्याशी संबंध होता की नव्हता, हे शेवटपर्यंत समजलं नाही. धनश्रीने मोनिका आणि आणखी दोघी मैत्रिणींना गोळा केलं आणि चौघी मिळून शाळेत जायला लागल्या. आईने सांगायची वाट तिने पाहिली नाही. व्हिडिओखाली शिव्या आल्या. मधूनमधून बायकांचे दोन-दोन शब्दही आले. "मी पण उठून गेले." "आमच्याकडं बी असंच हुतं." सत्यशीला शिव्याच आधी वाचायची.

मग सिनेमा उतरला. फ्लेक्सवर दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चढले. कल्याण बाजारात दिसला तर मान फिरवून जातो. बजरंगला राहुरीकडची भाडी मिळायला लागली, पहिल्यापेक्षा लांबची. पण तिच्यासोबत सिनेमाला जाणं त्याने सोडलं.

ती आता बनुबाईंना घेऊन जाते. आवडला तरच बोलायचं, ही रीत तिने बदलली. न आवडलेल्यावरही बोलते, पण व्हिडिओ टाकल्यावर रात्रीचं जेवण तिला जात नाही. मध्यंतरी कुणीतरी विचारलं, भीती गेली का. ती म्हणाली, "न्हाई. पर आवडतंय का न्हाई, ते आता परत कळायला लागलंय."