मार्थाकाकूंच्या आईचं तबक

माझ्या शेजारी राहणाऱ्या मार्थाकाकूंकडे आईचा फोटो नाही. काकू सहा महिन्यांच्या असतानाच ती गेली. वडिलांनी तिचं नाव कोरून प्रभुभोजनात भाकर वाटायला एक पितळी तबक चर्चला दिलं होतं. ते आता नाशिकच्या एका जुन्या चर्चच्या संग्रहालयात असल्याचं २००६च्या जानेवारीत कळलं आणि काकू मागेच लागल्या, "चल गं, निदान नावाचा तरी फोटो काढून दे."

सिन्नरहून एसटीने तासाभरात नाशिकचा सीबीएस स्टँड. रिक्षावाल्याने पन्नास मागितले, तीसवर आला. तुम्ही जाणार असाल तर रविवारी उपासना संपल्यावर जा, एरवी कुलूप असतं. तिकीट नाही. आधी मिसळ खाऊन घ्या. आम्ही नाही खाल्ली, काकूंना धीर कुठला!

संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली. पायाने भाता मारायची पेटी, वाळवीने कुरतडलेलं पवित्र शास्त्र आणि चक्क कीर्तनाचे टाळ! चर्चमध्येही कीर्तन होत असे, हे मला चाळिशीत कळावं? काकूंच्या भिंतीला भिंत लावून राहते मी. लाजच वाटली.

तबक शेवटच्या कपाटात होतं. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'प्रभुभोजनाचं तबक. कोणाच्या नावे दिलं, माहीत नाही.' संग्रहालय सांभाळणाऱ्या निवृत्त मास्तरांनी ते काकूंच्या हातात दिलं. काठ गुळगुळीत, एक अक्षर नाही.

"इथे नाव होतं हो," काकू म्हणाल्या.

"असेल बाई. पण दर शनिवारी चिंच-राखेने घासायचे. कोरलेलं किती टिकणार?"

काकू बाकावर बसल्या. "मीच घासायचे, सर. लग्न होईपर्यंत. पपा म्हणायचे, आईचं तबक आहे, लख्ख दिसलं पाहिजे."

मास्तर गडबडले. "पुराव्याशिवाय चिठ्ठी बदलता येत नाही..."

काकूंचं बोट काठावरून फिरू लागलं. आईचं नाव, सगुणा. मग थोडी जागा सोडून पपांचं, योहान. न अडखळता, प्रत्येक वळण घेत. मास्तर बघत राहिले. मग त्यांनी पेन काढून चिठ्ठीवरची ओळ खोडली आणि नाव लिहिलं. मला रडू आवरेना.

तुम्ही जाल तेव्हा पेटी बघा, टाळ बघा, पण त्या तबकापाशी जरा जास्त थांबा.

घरी पोचल्यावर मी चहा टाकला. काकू कप हातात धरून म्हणाल्या, "माझ्याच हाताने पुसलं गं नाव. पण आईचं काही करायला मिळालं, ते तेवढंच."