वर चार बोटं

दत्तूअण्णा बोलताना समोरच्याच्या थेट डोळ्यांत बघत. पण त्यात जिव्हाळा कमी आणि मोजमाप जास्त असे. माझ्या लग्नात नवऱ्यामुलाशी ओळख करून दिली, तर नमस्कार झाल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "पंचवीसच्या वर भरतोय. चष्मा लपवलाय बघ." खरंच लपवला होता. बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत डोळा किती मिलिमीटर लांब, यावरून ते माणूस ओळखत. पत्रिका वगैरे त्यांना थोतांड वाटे.

हुबळीत कमरीपेठेजवळ एका डॉक्टरांचं डोळ्यांचं इस्पितळ होतं. तिथं मी नोंदणी बघायची आणि अण्णा डोळे मोजायचे. मोतीबिंदू काढला की आत भिंग बसवतात, आणि ते किती नंबरचं हे डोळ्याच्या लांबीवरून ठरतं. माप मिलिमीटरभर चुकलं तर अडीच-तीन नंबरांचा चष्मा नाकावर बसलाच म्हणून समजा. नव्वदच्या सुमाराला हे माप पेनासारख्या एका कांडीनं घेत. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालायचे आणि कांडी बुबुळाला अलगद टेकवायची. अलगद म्हणजे किती, हे फक्त अण्णांना ठाऊक होतं.

त्याआधी ते दुर्गदबैलच्या बाजारात आपल्या काकांच्या कापडाच्या दुकानात होते. तिथं कापड सैल धरून मोजत आणि वर चार बोटं जास्त सोडून मगच कात्री लावत. काकांनी दोन वर्षं सहन केलं. मग विचारलं, "तू कापड विकतोस की गिऱ्हाईकाला आहेर करतोस?" अण्णा दुकानातून निघाले ते इस्पितळात आले. "धंदा एकच," ते सांगत. "कापड ताणलं की लांब भरतं, डोळा दाबला की आखूड भरतो. दोन्हीकडं बुडतं ते गिऱ्हाईकच."

कांडी कितीही हलक्या हातानं टेकवा, डोळा थोडा दबतोच. म्हणून अण्णा पडद्यावरच्या आकड्यात दोन-तीन पॉइंट, म्हणजे मिलिमीटरचे दोन-तीन दशांश, वाढवून केसपेपरवर लिहीत. मी एकदा पाहिलं आणि विचारलं, तर म्हणाले, "कांडीनं दाबून घेतलेलं परत द्यायला नको व्हय?" पेशंट खूश असायचे. डॉक्टर परिषदांतून स्वतःच्या हाताचं कौतुक करून यायचे, आणि अण्णा ते ऐकून मान डोलवायचे.

दोन हजार सालानंतर इस्पितळात प्रकाशानं डोळा मोजणारं यंत्र आलं. पेशंटनं हनुवटी टेकवायची, लाल दिव्याकडं बघायचं, संपलं. डोळ्याला स्पर्श नाही. माप असं काटेकोर की मिलिमीटरचे शंभर भाग करून सांगावं. नारळ फुटला, पेढे झाले आणि डॉक्टरांच्या मिसेसनी यंत्राला हळदीकुंकू वाहिलं, ते नेमकं काचेवर. पहिल्या पेशंटच्या डोळ्यात यंत्राला कुंकवाखेरीज काही दिसेना. कंपनीच्या इंजिनिअरला बंगळूरहून यावं लागलं.

यंत्राची दुसरी खोड अण्णांनी शोधली. अळणावरकडच्या खेड्यांतून म्हातारी माणसं यायची ती मोतीबिंदू पार पिकल्यावर. त्यातून प्रकाश आत जाईना, त्यामुळं यंत्र माप देईना. "ज्याला थोडंफार दिसतं त्याचंच हे मोजतं," अण्णा म्हणाले. "आंधळ्याला म्हणतं, जावा घरी." मग अशांना कांडी आणि बाकीच्यांना यंत्र, असं सुरू झालं. यंत्र छापील चिठ्ठी द्यायचं. पण डॉक्टरांना छापील आकडा परका वाटे. केसपेपरवर अण्णांच्या अक्षरातला आकडा बघितल्याशिवाय ते कपाटातून भिंग काढत नसत.

अशात गंगाक्का आली. कमरीपेठेत तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान, आणि घर त्या मशीनवरच चाललेलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, लांबचं बिनचष्म्याचं दिसेल, सुईपुरता एक साधा चष्मा लागेल. एका डोळ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिन्यानं ती एक ब्लाऊज घेऊनच आली. "बघा की, डावी बाही उजवीकडं लावली मी. चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं. लांबचंही अंधूक, जवळचंही अंधूक. दुसरा डोळा असाच झाला तर दुकानाला कुलूप लावते." बाकावरची माणसं बाहीकडं बघून हसली. ती हसली नाही.

त्या महिन्यात तशाच आणखी चार तक्रारी आल्या. डॉक्टरांनी यंत्राला दोष दिला. इंजिनिअर दोनदा आला, प्लास्टिकचा नमुन्याचा डोळा मोजून बघितला, यंत्र अचूक निघालं, चहा पिऊन गेला. मग डॉक्टरांनी वयाला दोष दिला. "होगली बिडू अक्का, आता जाऊ दे. डोळेच थकले," असं म्हणून गंगाक्काला कायमचा चष्मा लिहून दिला.

दोन दिवसांनी अण्णांनी यंत्रात साठवलेली मापं काढली आणि केसपेपरांशेजारी ठेवली. पाचही कागदांवर तीन-तीन पॉइंट जास्त. कांडी आणि यंत्र एकाच सकाळी हाताळताना त्यांनी दोन्ही मापांवर चार बोटं सोडली होती. "हे दाबतच नाही गं, सुमा," ते मला म्हणाले. "न घेतलेलं परत दिलं मी." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर त्यांना म्हणाले, "कुणाला कळणार आहे? यंत्र बिघडलं होतं, दुरुस्त झालं."

"यंत्राला नावं ठेवू नका साहेब, त्याला उलटून बोलता येत नाही," अण्णा म्हणाले, आणि पाचही घरी जाऊन आले. गंगाक्काकडं जाताना मला बरोबर घेतलं. त्यांनी तिला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. "माझ्या हातून झालं अक्का. दुसऱ्याचं कुणाचं काही नाही."

गंगाक्कानं हातातल्या दोऱ्याला गाठ मारली. मग विचारलं, "दुसऱ्या डोळ्याचं माप कोण घेणार?"

"ही सुमा घेईल."

"तुम्हीच घ्या. चूक कुठं होते ते तुम्हालाच कळलंय."

माप अण्णांनीच घेतलं, पण पेन माझ्या हातात दिलं. "तू लिही. माझ्या हाताला उदारपणाची खोड आहे." तो डोळा चोख झाला. गंगाक्कानं पुढं आठ-दहा वर्षं ब्लाऊज शिवले, माझेही. अण्णांनी त्यातल्या पहिल्या ब्लाऊजच्या बाह्यांची जोडणी बघितली आणि आपणहून काम सोडलं. मग ते रायापूरला लेकीकडं राहिले आणि तिथंच गेले. डॉक्टर शोकसभेत बराच वेळ यंत्राबद्दल बोलले.

मला त्यांची आठवण येते ती गंगाक्काच्या घरून परतताना रिक्षात बसलेल्या अण्णांची. केसपेपर माझ्याच टेबलावरून जायचे. यंत्राचा पडदा माझ्या खुर्चीतून दिसायचा. आकडे जुळत नाहीत हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मोठ्या माणसाला कसं बोलायचं, म्हणून मी बसले होते गप्प. रिक्षा वळली तेव्हा अण्णांनी विचारलं, "सुमा, तुला कधी दिसलं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर तुलाही वाईट वाटलं असतं."