जैनथ फाट्यावरचा मेकॅनिक

माझ्या जुन्या मोटरसायकलचा स्पीडोमीटर किरकिरू लागला की मी जैनथ फाट्यावरच्या मेकॅनिककडे जातो. तो केबल उपसतो, रॉकेलनं पुसतो, ग्रीस लावतो. वरचा चार बोटं भाग मात्र कोरडा ठेवतो.

"काऊन?" मी एकदा विचारलं.

"ग्रीस मीटरात चढलं का काटा चिकटते, भाऊ."

इतका जपून काम करणारा माणूस. शेजारच्या भाजीवालीला वाळूच्या टिप्परनं उडवलं तेव्हा तिला उचलून दवाखान्यात यानंच नेलं. अपघात पाहणाराही हा एकटाच. टिप्परवाला आता म्हणतो, बाईच आडवी आली. आणि त्याच्या घरच्या साऱ्या मोटरसायकली याच्याकडेच दुरुस्तीला येतात.

परवा काम संपवून त्यानं साबणानं हात धुतले. मी पिशवीतून भाजीवालीच्या बाजूनं लिहिलेला साक्षीच्या जबाबाचा कागद काढला, वाचून दाखवला, सही मागितली.

"तुमी सांगून राह्यले ते बरोबर हाय," तो म्हणाला, आणि धुतलेली बोटं सावकाश ग्रीसच्या डब्यात बुडवली. "पन हात खराब हाय ना भाऊ. कागद खराब होईन."

"अंगठाबी चालते," मी म्हणालो.

त्यानं अंगठा मुठीत दाबून घेतला.