किरणं गुडघ्यापर्यंतच आली

देवीनं मला वाचवलं असं म्हणायला मला अजूनही जड जातं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि जे सिद्ध होत नाही ते बोलायचं नाही ही माझी खोड. म्हणून झालं तेवढंच सांगतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात मी गणितात पीएच.डी. करत होतो. आकड्यांची न संपणारी रांग एका ठरावीक आकड्याच्या जवळ जवळ जात राहिली, की त्याला अभिसरण म्हणतात. माझ्या विषयात जरा सवलत होती. काही आकडे भलतीकडं भरकटले तरी चालतात, फक्त पुढं पुढं त्यांचं प्रमाण शून्याकडं गेलं पाहिजे. अशा रांगेतून कसेही आकडे उचलून नवी रांग केली तरी तीही तिथंच जाईल, असं मी धरून चाललो. साध्या अभिसरणात ते खरं असतं, त्या सवयीनं हात वळला. सगळा प्रबंध त्यावर उभा होता. त्या नोव्हेंबरात माझ्या मार्गदर्शक सरांनी शांतपणे विचारलं, "अरे, नेमके भरकटलेलेच उचलले तर?" कितीतरी वर्षांचं काम त्या एका प्रश्नात गेलं.

कोडोलीला वडील अंथरुणाला खिळले होते, आणि येईल त्याला सांगत होते, "पोरगं डॉक्टर हुतंय. सुईचं न्हवं, गणिताचं." त्यांना काय तोंड दाखवायचं? आपण शिकलो हेच चुकलं, असं वाटायला लागलं. सगळं सोडायचं ठरवून एसटी पकडायला निघालो, आणि पाय अंबाबाईच्या देवळाकडं वळले.

किरणोत्सवाचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या चेहऱ्यापर्यंत चढतात. दिवे मालवले होते. किरणं पायांवर आली, गुडघ्यापर्यंत चढली आणि ढगानं गिळली. शेजारी पेठ वडगावच्या एक मावशी हात जोडून उभ्या होत्या.

"संपलं, मावशी," मी म्हणालो.

"संपू दे की. दरसाली येतोय आमी. तोंडावर पडल्यालं एकदाच बगितलंय." मग माझ्याकडं वळल्या. "तुमी का रडतासा पावणं? नापास झालासा व्हय?"

मी रडतोय हे मला तेव्हा कळलं. "तसंच म्हणा."

"मग पाया पडा आन् म्होरं सरका. मागं माणसं हायती."

वाकलो. मागणं काही सुचलं नाही. पण सरांच्या प्रश्नातली रांग मीच लावून बसलोय, हे तिथं ध्यानात आलं. आयुष्यातले नेमके भरकटलेले दिवस उचलायचे, आणि त्यांच्यावरून सगळ्या आयुष्याचा निकाल द्यायचा. दुसऱ्या दिवशी सरांकडं गेलो आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

प्रमेय परत मिळालं नाही. उचललेली रांग पुरेशी दाट असेल, म्हणजे मूळ रांगेतले बरेचसे आकडे तिच्यात असतील, तरच ते टिकतं, एवढंच लहानसं हाती लागलं. पदवी मिळाली तेव्हा वडील नव्हते. ती उणीव कशानं भरून निघालेली नाही, आणि काळे दिवस अजूनही येतात. पण ही रांग कुठं जाऊन पोचणार ते ठरवणारा मी नव्हे. तसा दिवस आला की संध्याकाळी हात जोडतो आणि म्हणतो, आई, आजचा हा तुझ्याकडं ठेव.